डीव्हीडी प्लेअरवर चित्राचे रंग जातात, चित्र लोळते किंवा चेहरे ताणलेले दिसतात: क्रमाने करायची तपासणी

जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडल्यावर, किंवा घरातल्या कोणी रिमोटवरची अनोळखी कळ दाबल्यावर, माझ्याकडे ज्या तक्रारी येतात त्या फिरून फिरून त्याच असतात. म्हणून आधी लक्षणे नोंदवतो. आपली तक्रार यांपैकी कोणती, हे निश्चित करूनच पुढे जावे.

लक्षणे

१. चित्र स्वच्छ दिसते, आवाज नीट येतो, पण रंग अजिबात नसतात.
२. चित्र वर किंवा खाली सतत सरकत राहते. बहुधा रंगही गेलेले असतात.
३. माणसे लांबट व किडकिडीत दिसतात, किंवा बुटकी व रुंद दिसतात, किंवा चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट येते.
४. आवाज चालू असतो, पण पडदा काळा राहतो किंवा त्यावर नुसत्या तुटक रेघा दिसतात. सेटअपमध्ये काही बदलल्यावर लगेच असे झालेले असते.
५. चित्र आळीपाळीने उजळते आणि काळवंडते.
६. चेहरे हिरवट किंवा लालसर दिसतात, अंधारातले प्रसंग दिसतच नाहीत, कडांभोवती पांढरी झालर येते.
७. कळ दाबली की पडद्यावर आडव्या हाताचे किंवा तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळाचे चिन्ह येते. चित्रपट मधूनच सुरू होतो. एकच तुकडा पुन्हा पुन्हा दिसत राहतो.
८. चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, ते गोठते, ठरावीक जागी अडकते.

आठवे लक्षण सोडले तर बाकी सर्व तक्रारींत यंत्र बहुतेक वेळा धडधाकट असते. बिघाड असतो तो डिस्क, प्लेअर आणि टीव्ही या तिघांच्या मांडणीत मेळ नसण्याचा. म्हणूनच प्लेअर उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेण्यापूर्वी पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा. तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या तर नेमका दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवला की सारे पहिल्यापासून करावे लागते.

दोन मेनूंची परीक्षा

ही तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांत होते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. आधी टीव्हीच्या रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडावा. डीव्हीडीचे चित्र काळे-पांढरे असताना टीव्हीच्या मेनूतील पट्ट्या आणि अक्षरे रंगीत दिसत असतील, तर टीव्हीचा पडदा ठीक आहे. मग प्लेअरमधली डिस्क बाहेर काढावी, ट्रे बंद करावा आणि प्लेअरच्या रिमोटवरील ‘सेटअप’ची कळ दाबावी. प्लेअरचा हा मेनूही रंगहीन किंवा लोळणारा असेल, तर डिस्कचा काही संबंध नाही. दोष वायरीत किंवा प्लेअरच्या मांडणीत शोधावा. मेनू व्यवस्थित आणि रंगीत असून डिस्क लावल्यावरच चित्र बिघडत असेल, तर डिस्कची प्रणाली (पाल की एनटीएससी, ते पुढे येते), तिचा प्रदेश-क्रमांक (ती जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा आकडा) किंवा तिची अवस्था यांकडे वळावे. एवढ्यानेच निम्म्या शंका बाजूला पडतात.

रिमोट चालतो का, ते पाहणे

सेटअपचा मेनू बहुसंख्य प्लेअरमध्ये फक्त रिमोटनेच उघडतो, पुढच्या पट्टीवर त्याची कळ नसते. त्यामुळे रिमोट चालतो की नाही याची खात्री लवकर करून घ्यावी. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरावे आणि कोणतीही कळ दाबून ठेवावी. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश अडवणारी गाळणी असते, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहावे. दिवा लागत नसेल तर आधी सेल बदलावेत. बाजारातून आणलेल्या सर्वसाधारण रिमोटवर ‘प्ले’ आणि ‘स्टॉप’ असतात, पण ‘सेटअप’, ‘व्ही-मोड’ (चित्र कोणत्या प्रकारे बाहेर पाठवायचे ते बदलणारी कळ) आणि बाणाच्या कळा कधी कधी नसतात किंवा चालत नाहीत. तसा रिमोट घेताना या तीन गोष्टी दुकानातच तपासून घ्याव्यात.

चालवण्याच्या कळांतून निर्माण होणारे भास

सातव्या लक्षणात मोडणाऱ्या तक्रारींना दुरुस्तीची गरजच नसते. सुरुवातीची सूचना किंवा निर्मात्याचे बोधचिन्ह चालू असताना पुढे जाण्याची कळ चालू नये, अशी आज्ञा डिस्क तयार करणारेच तिच्यात नोंदवू शकतात. हाताचे चिन्ह येते ते त्या आज्ञेमुळे. चित्रपट मधूनच सुरू होतो, कारण ‘स्टॉप’ एकदा दाबल्यावर प्लेअर ती जागा लक्षात ठेवतो. ती स्मृती पुसायची असेल तर ‘स्टॉप’ दोनदा दाबावा. एकच तुकडा परत परत दिसत असेल तर ‘ए-बी’ ही कळ चुकून दोनदा दाबली गेलेली असते. ती तिसऱ्यांदा दाबली की पुनरावृत्ती थांबते. चित्राचा फक्त मधला भाग मोठा होऊन दिसत असेल तर ‘झूम’ची कळ मूळ आकार येईपर्यंत दाबत राहावी. वेगाने पुढे नेताना आवाज येत नाही, हेही बहुतेक यंत्रांत स्वाभाविक आहे.

व्हीसीडी लावल्यावर आकड्यांच्या कळांनी हवे ते गाणे लागत नसेल, तर ‘पीबीसी’ बंद करून पाहावे. ही सोय चालू असताना डिस्कवरच्या मेनूप्रमाणे चालावे लागते. बंद केली की क्रमांक दाबून थेट गाण्यावर जाता येते. व्हीसीडीवर दोन आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येत असतील तर ‘ऑडिओ’ची कळ दाबून डावी किंवा उजवी बाजू निवडावी, अनेक व्हीसीडींवर एका बाजूला गायकाचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला नुसते वाद्यसंगीत असते.

वायर आणि तिची जागा

रंग गेलेल्या चित्रामागे सर्वांत जास्त वेळा मला चुकीच्या खोबणीत बसवलेली वायर सापडलेली आहे. पिवळ्या टोकाच्या एकाच वायरीतून प्रकाश आणि रंग ही दोन्ही माहिती एकत्र जाते. हिरव्या-निळ्या-लाल खोबण्यांच्या जोडणीत मात्र हिरव्या खोबणीत केवळ प्रकाशमानाची माहिती अपेक्षित असते आणि रंगांची माहिती निळ्या व लाल खोबण्यांतून येते. पिवळी वायर अशा हिरव्या खोबणीत गेली, की टीव्ही तिच्यातला रंग उलगडतच नाही आणि स्वच्छ पण काळे-पांढरे चित्र दाखवतो. अनेक नव्या टीव्हींमध्ये जागा वाचवण्यासाठी हिरवी आणि पिवळी खोबणी एकच केलेली असते. तेथे वायर त्याच खोबणीत ठेवावी, मात्र टीव्हीच्या ‘सोर्स’ यादीत ‘कंपोनंट’ (म्हणजे हिरवी-निळी-लाल जोडणी) याऐवजी ‘एव्ही’ निवडावे. दुसरा घोटाळा लाल रंगाचा होतो, कारण तीन चित्रवायरींपैकी एक लाल आणि आवाजाच्या दोन वायरींपैकीही एक लाल असते. या दोन्हींची अदलाबदल झाली तर चित्राचे रंग बिघडतात आणि एका बाजूच्या आवाजाच्या जागी गुरगुर ऐकू येते.

आणखी पातळ टीव्हींना मागे एकच बारीक गोल छिद्र असते आणि त्यासाठी तीन खोबण्यांची जोडवायर लागते. ती त्या टीव्हीबरोबर आलेलीच वापरावी. दिसायला हुबेहूब असणाऱ्या दुसऱ्या वायरीत टोकावरील कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग चित्राच्या जागी आवाजाचा संदेश पोचून पडदा कोरा राहतो. टोके एकदा काढून, कोरड्या कापडाने पुसून, किंचित फिरवत घट्ट बसवावीत. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने टोकांवर चढलेला मळ हे रंग येऊन-जाऊन असण्याचे खरेखुरे कारण असते.

पाचव्या लक्षणाचे उत्तरही वायरीतच आहे. प्लेअरची वायर आधी व्हीसीआरमध्ये (कॅसेट चालवण्याच्या यंत्रात) आणि तेथून टीव्हीत गेली असेल, तर अनेक डीव्हीडींवर असलेली, मॅक्रोव्हिजन नावाने ओळखली जाणारी नक्कल-प्रतिबंधक योजना व्हीसीआरच्या मंडलाला गोंधळात पाडते आणि चित्र उजळते-काळवंडते. प्लेअर थेट टीव्हीला जोडावा. दुसरा इलाज शोधण्यात वेळ घालवू नये.

पाल की एनटीएससी

वायर निर्दोष असूनही रंग जात असतील आणि सोबत चित्र लोळत असेल, तर प्रश्न प्रणालीचा आहे. पाल आणि एनटीएससी या टीव्हीला चित्र व रंग पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती; भारतातले जुने टीव्ही पाल प्रणालीचे. पाल डिस्कवर चित्रात ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चौकटी असतात, तर अमेरिका व जपानमधल्या एनटीएससी प्रणालीत ४८० ओळी आणि सेकंदाला सुमारे ३० चौकटी. पालमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर येते, एनटीएससीमध्ये ३.५८ मेगाहर्ट्झच्या. केवळ पाल जाणणाऱ्या जुन्या टीव्हीला दुसरी लहर ओळखता येत नाही, म्हणून रंग जातात. आणि एक चौकट दोन हप्त्यांत रंगवली जात असल्याने पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवण्याची सवय असलेल्या टीव्हीला ६० वेळा संदेश मिळतो, म्हणून चित्र लोळते. ही दोन लक्षणे जोडीने का येतात, याचे कारण हेच.

उपाय असा: डिस्क बाहेर काढावी, ‘सेटअप’ उघडावे, ‘प्रेफरन्स’ या पानावर जावे आणि ‘टीव्ही टाइप’ पाहावे. डिस्क आत असताना हे पान अनेक प्लेअरमध्ये पुसट दिसते आणि उघडत नाही; लोक येथेच कंटाळून प्लेअर बिघडल्याचा निष्कर्ष काढतात. जुना टीव्ही असेल तर ‘पाल’ निवडावे, म्हणजे एनटीएससी डिस्कचेही रूपांतर होऊन ती दिसू लागते. दोन्ही प्रणाली स्वीकारणारा टीव्ही असेल तर ‘मल्टी’ किंवा ‘ऑटो’ निवडावे, कारण त्यात डिस्क जशी आहे तशीच पुढे जाते. कायमचे रूपांतर चालू ठेवले तर कॅमेरा आडवा फिरतो त्या दृश्यांत चित्र अडखळत सरकते. टीव्हीच्या मेनूतही ‘कलर सिस्टिम’ नावाची निवड असते. ती ‘ऑटो’वर असावी.

याच संदर्भात एक शंका वारंवार विचारली जाते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पण पाल डिस्कवर तो बहुधा २५ चौकटींनी धावतो; त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. त्यात काही कापलेले नसते आणि प्लेअरही वेगाने फिरत नसतो.

अमेरिकेतल्या मुलांनी किंवा नातेवाइकांनी पाठवलेल्या डिस्कच्या बाबतीत प्रणालीबरोबर प्रदेशही पाहावा लागतो. अमेरिका प्रदेश १ मध्ये आणि भारत प्रदेश ५ मध्ये मोडतो. डिस्कच्या वेष्टनावर पृथ्वीगोलाच्या चिन्हात १ आकडा असेल आणि प्लेअर ‘राँग रीजन’ असा संदेश देत असेल, तर दोघांपैकी कोणातही बिघाड नाही. गोलात ‘ऑल’ लिहिलेले असेल तर ती डिस्क कोठेही चालते.

चेहरे लांबट किंवा रुंद

‘जनरल सेटअप’ या पानावर ‘टीव्ही डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही शेप’ असते आणि त्यात ४:३ पॅन-स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स (वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण रुंदी दाखवणारा) व १६:९ असे पर्याय असतात. जुना चौकोनी टीव्ही असून येथे १६:९ निवडलेले असेल तर रुंद चित्र आडवे दाबले जाऊन माणसे किडकिडीत दिसतात. उलट, रुंद टीव्ही असून लेटरबॉक्स निवडलेले असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि माणसे रुंद दिसतात. चौकोनी टीव्हीला लेटरबॉक्स आणि रुंद टीव्हीला १६:९ हा नियम पुरेसा आहे. पॅन-स्कॅन मी सुचवत नाही, कारण त्यात चित्राच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि नाटकाच्या चित्रीकरणात तर कडेला उभा असलेला नट दिसेनासा होतो. काही जुन्या डिस्कवर काळ्या पट्ट्या मूळ चित्रातच नोंदवलेल्या असतात; त्या प्लेअरच्या कोणत्याही पर्यायाने जात नाहीत. तेथे टीव्हीच्या रिमोटवरील ‘झूम’ वापरावा.

पडदा काळा, आवाज चालू

हे लक्षण सर्वांत घाबरवणारे आहे, कारण चूक दुरुस्त करायचा मेनूही दिसत नाही. बहुधा ‘प्रोग्रेसिव्ह’ किंवा ‘पी-स्कॅन’ चालू झालेले असते. हे चित्र पिवळ्या वायरीतून जात नाही; त्याला हिरवी-निळी-लाल किंवा ‘एचडीएमआय’ जोडणी लागते. टीव्ही पिवळ्या वायरीने जोडलेला असेल तर त्याला काहीच मिळत नाही किंवा न समजणारा संदेश मिळतो. डिस्क बाहेर काढावी, रिमोटवर ‘व्ही-मोड’, ‘पी-स्कॅन’ किंवा ‘व्हिडिओ’ अशा नावाची कळ शोधावी, ती एकदा दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि चित्र न आल्यास पुन्हा दाबावे. ही कळ एकामागून एक पर्याय फिरवते, म्हणून घाईने दाबल्यास योग्य पर्याय येऊन निघूनही जातो. ‘एचडीएमआय’ने जोडलेल्या प्लेअरमध्ये टीव्हीला न पेलणारी स्पष्टता निवडली गेली तर ‘मोड नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो. तेथेही ‘एचडीएमआय’ किंवा ‘रिझोल्यूशन’ ही कळ अशीच सावकाश दाबावी. कळ सापडत नसेल तर माहितीपुस्तिकेत मूळ मांडणी परत आणण्याची रीत पाहावी. चित्र दिसत असते तेव्हा तीच गोष्ट ‘प्रेफरन्स’मधल्या ‘डिफॉल्ट’ने होते.

रंग आणि उजेड जुळवणे

येथे एक तत्त्व पक्के धरावे: प्लेअरमधली चित्राची सर्व मापे मूळ जागी ठेवावीत आणि जुळवणी फक्त टीव्हीवर करावी. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, ह्यू, सॅच्युरेशन आणि शार्पनेस ही मापे दोन्हीकडे असतात. प्लेअरने वाढवलेला उजेड टीव्ही आणखी वाढवतो, आणि एकदा सपाट पांढरा झालेला भाग पुढे कोणालाही परत मिळवता येत नाही.

जुळवणी रोज ज्या उजेडात पाहता त्याच उजेडात करावी. आधी ब्राइटनेस: नाव काहीही सुचवत असले तरी ते काळ्याची पातळी ठरवते. अंधारातला प्रसंग थांबवून पाहावे. काळ्या केसांच्या बटा वेगळ्या दिसाव्यात, पण काळी पट्टी राखाडी होऊ नये. मग कॉन्ट्रास्ट: पांढऱ्या धोतराच्या किंवा साडीच्या निऱ्या मोजता येतील इतकाच तो वाढवावा. रंग त्यानंतर, आणि तो चेहऱ्यांवरून ठरवावा; फुले आणि कपडे यांवरून ठरवल्यास चेहरे तांबूस होतात. टीव्हीवरील ह्यू किंवा टिंट सामान्यतः एनटीएससी संदेशालाच लागू होतो, म्हणून पाल डिस्क चालू असताना तो पुसट दिसतो आणि त्यात दोष नाही. शार्पनेस कमीच ठेवावा, कारण त्याने नवा तपशील मिळत नाही. कडांभोवती झालर येते आणि डीव्हीडीच्या संकुचित चित्रातले चौकोन उठून दिसतात.

चौकोन पडणे आणि अडकणे

आधी तीच जागा दुसऱ्या प्लेअरवर किंवा संगणकावर चालवून पाहावी. तेथेही अडकत असेल तर डिस्क दोषी. डिस्क मऊ, स्वच्छ सुती कापडाने मधल्या छिद्रापासून कडेपर्यंत सरळ पुसावी, गोल फिरवून कधीही पुसू नये. माहिती सर्पिल रेषेत कोरलेली असते; आडवा ओरखडा त्या रेषेला थोडासाच छेदतो आणि प्लेअर हरवलेली माहिती गणिताने भरून काढतो, पण गोल ओरखडा त्याच रेषेवरून लांबपर्यंत जातो आणि तेथे ही भरपाई अपुरी पडते. दोन थरांच्या डिस्कमध्ये मध्यावर कोठेतरी क्षणभर चित्र थबकते, कारण लेसर एका थरावरून दुसऱ्यावर जात असतो. ते स्वाभाविक आहे.

विकतच्या डिस्क चालतात, पण लग्नाची किंवा मुंजीची घरगुती डिस्क चालत नाही, असे असेल तर लेसर कमकुवत होत आल्याची शंका घ्यावी आणि ती डिस्क जेथे कोठे चालते तेथून तिची प्रत संगणकावर आजच काढून ठेवावी. रंगद्रव्याच्या थरावर नोंदवलेल्या अशा डिस्क साच्यातून छापलेल्या डिस्कइतक्या टिकाऊ नसतात, आणि त्यांतले चित्र दुकानात परत विकत मिळत नाही. लेन्सवरच्या धुळीसाठी बारीक ब्रश असलेली साफसफाईची डिस्क कोरडीच, एकदा वापरून पाहावी. थंड खोलीतून दमट खोलीत आणलेला प्लेअर तास-दोन तास तसाच राहू द्यावा, कारण लेन्सवर दव धरलेले असते.

येथे थांबावे

साफसफाईची डिस्क वापरूनही एकही डिस्क वाचली जात नसेल, आतून टकटक किंवा घरघर ऐकू येत असेल, ट्रे अडकत असेल, प्लेअर आपोआप बंद-चालू होत असेल, जळका वास येत असेल, किंवा दुसरी वायर आणि दुसरा टीव्ही वापरूनही चित्रच येत नसेल, तर घरी करण्यासारखे काही उरलेले नाही. झाकण उघडू नये. आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात २३० व्होल्टच्या विजेपासून सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो आणि प्लग काढल्यावरही तो संधारकात (वीज साठवणाऱ्या भागात) काही काळ टिकून राहतो. झाकण बंद असताना निर्धोक असलेला लेसरही उघड्या यंत्रात डोळ्यांना इजा करू शकतो. वास किंवा ठिणगी असेल तर प्लग काढावा आणि पुन्हा लावून पाहू नये.

तंत्रज्ञाकडे जाताना फक्त ट्रे अडकतो आहे, असे असेल तर आतला रबरी पट्टा बदलून काम भागते आणि दुरुस्ती करून घेण्यासारखी असते. लेसर बदलावा लागणार असेल तर आधी त्याचा खर्च विचारावा आणि नव्या प्लेअरच्या किमतीशी ताडून पाहावा. प्लेअरबरोबर त्याचा रिमोट, तीच वायर आणि अडकणारी तीच डिस्क द्यावी, आणि डिस्क कोणत्या मिनिटाला अडकते ते लिहून द्यावे. दुकानातली परीक्षेची डिस्क अनेकदा निर्वेध चालते, आणि रिमोटशिवाय तंत्रज्ञालाही ‘सेटअप’ उघडता येत नाही.